चाकावरची बोटभर जागा

“अठरा की सतरा?”

सन्मतीनं दुसऱ्यांदा विचारलं.

वस्तादांनी ट्यूब पाण्यात बुडवली होती. ते बुडबुड्याची वाट बघत होते.

“वस्ताद, मी चाकांबद्दल विचारतोय.”

“ऐकलं की.”

“मग?”

“हे एवढं बघू द्या.”

त्यांनी ट्यूब वीतभर फिरवली आणि पुन्हा बुडवली. एक बारीक बुडबुडा वर आला. मागोमाग दुसरा. वस्तादांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. त्यांनी त्या जागी खूण केली, हात पुसले आणि मग मान वर केली.

“हां. आता बोला.”

वस्तादांचं, म्हणजे दस्तगीर शिकलगारांचं दुकान हातकणंगल्याच्या अलीकडं, कोल्हापूर रस्त्याला होतं. वर पत्रा, खाली कोबा, एका बाजूला लिंबाचं झाड. पाटीवर फक्त ‘चाक’ एवढंच लिहिलेलं. शर्यतीच्या गाड्यांची चाकं बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. शर्यतीच्या संघांबरोबर ते पार कोईमतूरच्या ट्रॅकपर्यंत जाऊन आले होते. आता सत्तरी ओलांडली होती आणि ते दुकान सोडून कुठं जात नसत. लोकच त्यांच्याकडं येत. वस्ताद चाकं विकत नाहीत, फक्त बसवतात, आणि बसत नसेल ते कुणासाठीही बसवत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

सन्मती मगदूम इचलकरंजीचा. वय अठ्ठावीस. शिरोलीच्या एका फाउंड्रीत साच्यांची डिझाइनं करायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी त्याचा रोजचा संबंध, त्यामुळं अंदाजानं बोलणाऱ्या माणसांचा त्याला मनापासून कंटाळा होता. त्याची पांढरी सेडान गेल्या वर्षी त्यानं पुण्याहून दोन इंच खाली करून आणली होती. तेव्हापासून सिग्नलला उभी राहिली की माणसं वळून बघत. फक्त चाकं मूळची होती, सोळा इंची. त्या खाली बसलेल्या अंगाखाली ती त्याला लहान मुलाच्या चपलांसारखी दिसत.

त्यानं लॅपटॉप उघडला आणि बॉनेटवर ठेवला.

“अठरा इंची, रुंदी साडेआठ, ऑफसेट पस्तीस.”

“साध्या भाषेत सांगा.”

“आताच्यापेक्षा चाक साडेतीन सेंटिमीटर बाहेर सरकेल. पत्र्याच्या कडेला अगदी बरोबर येईल. गाडी रस्त्याला चिकटलेली दिसेल.”

“दिसंल.”

“चालेलही तशीच. हा तक्ता बघा ना. सगळं बसतंय.”

वस्तादांनी तक्ता बघितला. खरंच बघितला. चष्मा वर सरकवून, बोट फिरवत, एकेक आकडा मनात वाचत. सन्मतीला बरं वाटलं. आतापर्यंत ज्यांना ज्यांना तक्ता दाखवला होता त्यांनी एक तर मान हलवली होती, नाही तर जांभई दिली होती.

“मेहनत केलीया,” वस्ताद म्हणाले. “हे काढताना गाडीत कोण बसलं होतं?”

“कोणी नाही. कशाला?”

वस्ताद उत्तर न देता गाडीभोवती फिरले. पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायर आणि पत्रा यांच्यात बोटं घातली. दोन बोटं गेली. मग मागच्या चाकापाशी बसले. दीड बोट गेलं.

“मागं कोण बसतं?”

“कोणीच नाही. मी एकटाच असतो गाडीत.”

“मग गाडी मागं दबलीया कशानं?”

सन्मतीची नजर मागच्या दाराकडं गेली.

काचा काळ्या होत्या. आतलं काही दिसत नव्हतं. वस्तादांनी दाराला हातही लावला नाही. नुसते बघत राहिले…

शेवटी सन्मतीनंच मागचं दार उघडलं. सीटवर घोंगडं पसरलेलं होतं. त्याखाली दोन मोठे खोके. डिकीत आणखी दोन.

“चाकं आणलेली आहेत,” तो म्हणाला.

“अठरा?”

“अठरा.”

“मग मला इचारता कशाला?”

खरं उत्तर सन्मतीच्या तोंडातून बाहेर पडणारं नव्हतं. त्याला फक्त ‘हो’ ऐकायचं होतं. वस्तादांनी ‘हो’ म्हटलं, एवढं मित्रांना सांगायचं होतं.

वस्ताद चिडले नाहीत. “बघू तरी,” म्हणाले आणि एक खोका उघडायला लावला. काळपट राखाडी रंगाचं, बारीक आऱ्यांचं चाक बाहेर आलं. वस्तादांनी ते दोन्ही हातांनी उचललं, तोललं, खाली ठेवलं. कडेवरून अंगठा फिरवत एक पूर्ण फेरी मारली. आतल्या बाजूला कान लावून बोटानं टिचकी मारली आणि आवाज विरेपर्यंत थांबले.

“झकास चाक हाय.”

सन्मतीचा चेहरा उजळला.

“बसवायचं?”

“न्हाई.”

“का?”

“बसतंय का न्हाई, मला ठाव न्हाई.”

“तक्त्यात बसतंय, वस्ताद!”

“तक्त्यात बसतंय हे मला ठाव हाय.”

कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलेलं होतं. वस्तादांनी गोणपाट बाजूला केलं. खाली शाडूची माती होती, मूर्तीकामाला वापरतात तशी, लोण्यासारखी मळलेली. त्यांनी तिचे लिंबाएवढे चार गोळे केले. मग चारही चाकांच्या वर, पत्र्याच्या कडेच्या आतल्या अंगाला एकेक गोळा दाबून चिकटवला.

सन्मती वाकून बघत होता. राग आलेला असूनही त्याला राहवलं नाही.

“हे कशासाठी?”

“टायर वर गेलं तर गोळ्याला भिडंल. किती दाबलं ते माती सांगंल.”

“म्हणजे जागेचं माप.”

“चालत्या जागेचं.”

सन्मतीनं क्षणभर विचार केला. कल्पना बरी होती. त्याच्या डोक्यात कशी आली नाही, याचं त्याला थोडं वाईटही वाटलं.

“पन्हाळ्याला जाऊन या,” वस्ताद म्हणाले. “खोके हितं ठेवा.”

*

सन्मती तीन तासांनी परत आला. घाटातली वळणं त्यानं मनासारखी घेतली होती. गाडी रुळावरून चालावी तशी वळत होती. उतरतानाच त्यानं मागचे गोळे वाकून बघितले आणि त्याला हसू आवरेना.

“बघा! मागं हातसुद्धा लागलेला नाही.”

वस्तादांनी बघितलं. मागचे दोन्ही गोळे जसेच्या तसे होते. पुढच्यांवर टायरचा पुसटसा ठसा उमटला होता, नखानं ओरखडावं तेवढा.

“खरंय,” ते म्हणाले.

“म्हणजे अठरा बसतात.”

“तुम्हाला बसतात.”

“मलाच तर बसवायचीत.”

“गाडीला दारं किती?”

सन्मतीनं त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस आता कोड्यात बोलायला लागणार, असं त्याला वाटलं.

“चार.”

“दोन दारांची घ्यायची होती. मिळतात की.”

सन्मतीनं गाडीची किल्ली बोटात फिरवली.

“घरातलं एक माणूस मागं बसवून फिरवून आणा. मग बघू.”

“मागं कोणी बसत नाही, असं मी सांगितलं ना तुम्हाला.”

“का बसत न्हाई?”

विचारण्यात खोच नव्हती. बुडबुडा कुठून येतोय हे बघताना त्यांच्या तोंडावर जे होतं, तेच आताही होतं. म्हणूनच की काय, सन्मतीला टाळता आलं नाही.

तो लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर बसला.

गेल्या वर्षी गाडी खाली करून आणली, त्याच महिन्यात आण्णांना घेऊन तो कुंभोजच्या बाहुबलीला निघाला होता. आण्णा म्हणजे त्याचे वडील, भूपाल मगदूम. अडतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. गुडघे गेल्यापासून घरी. वाटेत एका गावात उंच स्पीडब्रेकर लागला. वजनानं गाडी आणखी खाली बसलेली. खालून घासलं असतं. सन्मतीनं गाडी थांबवली…

“आणि?”

“त्यांना म्हटलं, तुम्ही जरा उतरा. पलीकडं गेलो की बसा.”

“उतरले?”

“उतरले. चालत पलीकडं आले. बसले. काही बोलले नाहीत.” सन्मती जमिनीकडं बघत होता. “पुढं आणखी दोन होते.”

वस्तादांनी बोटावर वाळलेली माती खरवडली.

“येताना म्हणाले, मला देवळात थोडा वेळ लागेल, तू हो पुढं. मी एसटीनं येतो. तेव्हापासून एसटीनंच जातात.”

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर खडखडत गेला.

सन्मतीला वाटलं, आता वस्ताद काहीतरी सुनावतील. आईबापांवर, पुण्यातल्या गॅरेजवर, आजकालच्या पोरांवर. तो मनातल्या मनात तयार होऊन बसला.

वस्ताद उठले. जुने गोळे काढले, मातीत पाणी घालून नवे चार वळले, बसवले, आणि त्यांच्यावर ओल्या फडक्याचे तुकडे लावले.

“सकाळी निघताना फडकी काढा,” म्हणाले. “वाळली तर माती खोटं बोलती.”

*

आण्णा सोप्यात बसून पंख्याचं बेअरिंग साफ करत होते.

“आण्णा, उद्या बाहुबलीला जायचं का?”

“साडेसातची एसटी हाय.”

“माझ्या गाडीनं.”

आण्णांनी बेअरिंग कानाजवळ धरून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“काय काम निघालं?”

सन्मतीनं तीन-चार उत्तरं मनात जुळवली होती. ऐन वेळी त्यातलं एकही आठवलं नाही.

“चाकाचं काम आहे. मागं माणूस बसायला पाहिजे.”

“वजन म्हणून?”

“…हो.”

त्याला वाटलं, झालं, बिघडलं. पण आण्णांनी बेअरिंग खाली ठेवलं, आणि बऱ्याच दिवसांनी मुलाच्या तोंडाकडं सरळ बघितलं.

“चाकाचं काय झालंय?”

“तेच बघायचंय.”

“मग चला की,” आण्णा म्हणाले.

सकाळी ते मागच्या सीटवर बसले, उजव्या बाजूला. आत शिरताना त्यांना दाराची चौकट दोन्ही हातांनी धरावी लागली. सन्मती हात द्यायला पुढं झाला, पण तोवर ते बसले होते. मातीच्या गोळ्यांचं त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आण्णांनी हसून विचारलं असतं, फाउंड्रीत हेच करतोस काय रे. निदान त्याला तशी भीती होती.

गाव सुटलं. रस्ता मोकळा होता.

हातकणंगलं मागं पडलं तसा रस्ता खराब झाला. दोन-तीन खड्डे गेले.

“उजवं मागचं चाक,” आण्णा एकदम म्हणाले.

“काय?”

“घासतंय. खड्ड्यात गेलं की. थांब, बोलू नको… हां. आत्ता.”

सन्मतीला काहीच ऐकू आलं नव्हतं. इंजिन, वारा, टायरचा घोंगाट… बस्स.

“पत्रा घासतोय?”

“पत्रा न्हाई. मऊ काय तरी हाय.”

सन्मतीनं ब्रेक दाबला.

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो मागं पळत आला. आण्णाही उतरले होते. दाराला धरून, एक गुडघा टेकवून, मग दुसरा, ते चाकापाशी खाली बसले. बसताना तोंडातून बारीक आवाज निघाला, तो त्यांनी गिळला.

चाकाच्या वरचा गोळा आता गोळा राहिला नव्हता. भाकरीसारखा चपटा झाला होता. त्यावर टायरची नक्षी स्वच्छ उठली होती.

“शाडू,” आण्णा म्हणाले. “कुणी लावला?”

“एक वस्ताद आहेत.”

“हुशार हाय माणूस. कशासाठी?”

मग सन्मतीनं सांगितलं. सगळं सांगितलं. एकटा असलो की चाक पत्र्याच्या कडेच्या खालीच राहतं. मागं वजन आलं की गाडी बसते, चाक वर चढतं आणि कडेच्या आत शिरतं. नवीन चाकं बाहेरच्या अंगाला सरकणार. रस्त्यावरचा एक खडा उचलून त्यानं मातीत चित्र काढलं. आजवर इतका वेळ तो घरात कुणाशी गाडीबद्दल बोलला नव्हता, आणि आण्णा मध्ये मध्ये नेमकं तेच विचारत होते जे विचारायला हवं होतं.

आण्णांनी चपट्या मातीच्या कडेला अंगठा लावून माप घेतलं.

“हितं जागा बोटभर.”

“हो.”

“आणि चाक सरकणार किती म्हणालास?”

“साडेतीन सेंटिमीटर.”

“म्हणजे दोन बोटं.”

“हो.”

“मग ही कड टायर कापणार.”

“…हो.”

“कवा?”

“मागं माणूस बसलं की,” सन्मती म्हणाला.

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं.

आण्णा अजून मातीवरची नक्षी बघत होते. उसाचा वास येत होता. एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन जवळून गेली आणि रस्त्यात गुडघ्यावर बसलेल्या या बापलेकांकडं वळून बघत राहिली.

सन्मतीनं हात पुढं केला. या वेळी आण्णांनी तो धरला.

पुढं ते गाव आलं. स्पीडब्रेकर होता तिथंच होता, नवा पांढरा पट्टा मारलेला. सन्मतीनं गाडी हळू केली. मागं दाराची कळ वाजली. आण्णांनी दार अर्धं उघडलं होतं.

“बसा, आण्णा.”

“घासंल की.”

“बसा.”

त्यानं गाडी तिरकी घेतली. एक चाक चढलं, मग दुसरं. मग खालून आवाज आला… खर्रर्र. लांबलचक. पायानं ब्रेक दाबायला बघितलं, पण त्यानं दाबला नाही. गाडी पलीकडं उतरली.

“लागलं,” आण्णा म्हणाले.

“लागलं.”

“लई न्हाई. नुसतं वरवर.” आण्णा थांबले. “पुढच्याला आणखी तिरकी घे. डाव्या अंगानं. मी ऐकतो.”

पुढच्या दोन्हींवर त्यांनी ऐकलं. घे, म्हणाले. थांब. आता सोड. तिसऱ्यावर खालून आवाज आलाच नाही, आणि दोघंही एकाच वेळी “हां!” म्हणाले.

बाहुबलीला पोचल्यावर पायऱ्या सन्मती एकटाच चढून आला. आण्णांनी खालूनच हात जोडले. परत येताना ते पुन्हा मागंच बसले. एसटीचं नाव कुणी काढलं नाही.

*

वस्तादांच्या दुकानात गाडी थांबली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

“या पाव्हणं,” वस्ताद म्हणाले. आण्णांसाठी त्यांनी स्वतःची खुर्ची पुढं ओढली आणि आपण टायरवर बसले.

सन्मतीनं मागच्या दोन्ही चाकांवरची माती पात्यानं हळूच सोडवून हातरुमालावर आणली होती. वस्तादांनी ती उन्हात धरली.

“हे तुम्ही बघितलं कवा? घरी जाऊन?”

“वाटेतच. आण्णांना ऐकू आलं.”

“काय ऐकू आलं?”

“मऊ काहीतरी घासतंय म्हणाले. त्यांना मातीचं ठाऊक नव्हतं.”

वस्तादांनी हातरुमाल खाली ठेवला. टायर ओढत आण्णांच्या जवळ सरकले.

“मऊ हाय हे कसं कळलं?”

आण्णा संकोचले. असलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मागाखात्यात सांगायचं आणि पुढच्या मागाकडं जायचं, एवढंच.

“लोखंड घासलं की आवाज पुढं पळतो,” ते म्हणाले. “मऊ घासलं की तिथंच बसतो.”

वस्तादांनी डोळे मिटले. ओठ हलले. बहुतेक ते वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणत होते.

“आणखी एकदा सांगा,” ते म्हणाले.

आण्णांनी पुन्हा सांगितलं. मग लाकूड घासल्यावर कसा येतो ते सांगितलं. मग चामडं. वस्ताद अधूनमधून विचारत. आणि पट्टा सैल झाला असला तर? आणि बेअरिंग कोरडं पडलं तर? सन्मती खांबाला टेकून उभा होता. तीस वर्षं शर्यतीच्या गाड्या ऐकलेला माणूस त्याच्या वडिलांपुढं जुन्या टायरवर बसून शाळेतल्या पोरासारखे प्रश्न विचारत होता. सन्मती ते बघत राहिला. त्याच्या लक्षात आलं, की आपण आण्णांना हे कधीच विचारलं नाही. आपल्याला हे विचारण्यासारखं आहे, हेही ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यानं घसा साफ केला.

“वस्ताद, सतरा घेतो. रुंदी साडेसात, टायरची भिंत जरा उंच. आणि गाडी दीड बोट वर.”

“इचारताय का सांगताय?”

सन्मतीनं क्षणभर विचार केला.

“सांगतोय.”

वस्तादांनी मान हलवली. “अठराचं काय?”

“परत पाठवतो.”

“पाठवण्याआधी एक दिवस हितं असू द्या,” वस्ताद म्हणाले. “त्याचा नाद आण्णांना ऐकवायचाय.”

*

आठ दिवसांनी सतरा इंची चाकं आली. मित्रांच्या ग्रुपवर फोटो मागणारे तिघं-चौघं होते. गाडी वर घेतल्याचं कळल्यावर एकानं बैलगाडीचं चित्र टाकलं. सन्मतीला लागलं. खोटं कशाला सांगा, बरंच लागलं. तरी तो आण्णांना घेऊन वस्तादांकडं आला.

आण्णा नेहमीच्या खुर्चीत बसले. होय, आठ दिवसांत ती त्यांची नेहमीची झाली होती. दुपारची एसटी धरून ते दोनदा एकटेच येऊन गेले होते.

वस्तादांनी नवी चाकं साध्या पान्यानं बसवून प्रत्येकावर पुन्हा गोळा लावला, आण्णांना मागं बसवून गाडी समोरच्या खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणायला लावली आणि गोळे काढून बघितले. मागं दोन बोटं माती शिल्लक होती. आण्णांनी काहीच ऐकलं नव्हतं.

“वस्ताद,” सन्मती म्हणाला, “तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत होतं ना?”

“काय?”

“अठरा बसणार नाहीत, हे.”

“न्हाई.”

“खरंच?”

“माती दाबल्याबिगर मला कसं कळणार?” वस्ताद म्हणाले. त्यांना तो प्रश्नच कळला नव्हता, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. “बसली असती तर बसवली असती. झकास चाक होतं.”

सन्मती हसला. मग म्हणाला, “आता नट मापानं मी आवळू?”

वस्तादांनी लांब पाना त्याच्या हातात दिला.

सन्मतीनं आवळायला सुरुवात केली. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, मग डावा, मग उजवा. ठरावीक जोर आला की पान्यातून ‘कट’ असा आवाज येई. आण्णा प्रत्येक ‘कट’ला मान डोलवत होते. एका नटाला त्यांनी बोट वर केलं. “ह्यो जरा उशिरा बोलला,” म्हणाले. सन्मतीनं तो सोडून, आटे पुसून पुन्हा बसवला. या वेळी बोट वर गेलं नाही.

चारही चाकं झाली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो दोन पावलं मागं सरकला आणि गाडीकडं बघितलं. पहिल्यासारखी रस्त्याला चिकटलेली नव्हती. पण चांगली उभी होती. आपल्या पायांवर उभी असावी तशी.

त्यानं पाना वस्तादांच्या हातात परत दिला.

“झालं ना घट्ट, वस्ताद? आता परत बघायला नको?”

वस्ताद खाली वाकले. शेवटच्या नटावर अंगठा ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला…

“उभ्या गाडीपुरतं झालं.”